आस्मानी शिपाई, भाग दुसरा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, याची मला पुरती खात्री आहे. मी एक जुना रबरी मुखवटा. एके काळी झकास आस्मानी होतो. आता रंगाचे पोपडे उडालेत, एका डोळ्याच्या भोकाची कड उंदरांनी कुरतडली आहे आणि एका बाजूची नाडी तुटून गेली आहे. तरी सांगतो, सोनपेठच्या आसपास माझ्यासारखा मानाचा मुखवटा दुसरा नव्हता. लोक मला बघायला घरी यायचे, हात लावून बघायचे, वा वा म्हणायचे. आणि मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. असं का वाटायचं, तेच तुम्हाला सांगतो.

मुखवटा होण्याआधी मी एका ट्रकची ट्यूब होतो. कापसाच्या गाठी लादून परभणीच्या रस्त्यांनी धावणारा तो ट्रक. ट्यूबचं काम काय, तर आत भरलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. टाचणीएवढं भोक पडलं तरी आमची अब्रू जाते. मी वर्षानुवर्षं एक फुंकरसुद्धा गळू दिली नाही आणि त्याचा मला भारी गर्व होता. पुढं तो गर्वच नडला.

ट्रक म्हातारा झाला आणि मी एका गावात, लिंबाजीच्या पंक्चरच्या दुकानात येऊन पडलो. लिंबाजी म्हणजे गावाच्या नाट्यमंडळाचा सर्वेसर्वा. हातानं पंक्चर काढायचा आणि तोंडानं संवाद जुळवायचा. हनुमान जयंतीच्या जत्रेला मारुतीच्या देवळापुढच्या पारावर दरवर्षी त्याचं नाटक व्हायचं. एरवी तो माझे तुकडे कापून लोकांच्या सायकलींना ठिगळं लावायचा, आणि मी दिवसेंदिवस लहान होत चाललो होतो.

अशात सोनपेठला तंबूचा सिनेमा आला. नाव ‘आस्मानी शिपाई’. गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून बघायला गेली. मी काही तो पाहिला नाही, पण दुकानात इतक्यांदा ऐकला की मला तोंडपाठ झाला. एक साधा पोलीस शिपाई असतो, साहेबाची बोलणी खाणारा. तो आस्मानी मुखवटा चढवतो आणि चक्क उडायला लागतो. शेवटी जालीम सेठ नावाचा खलनायक त्याला पुलावरून ढकलून देतो. शिपाई खाली पडायला लागतो, नदी जवळ येते, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर अक्षरं येतात, ‘बाकी दूसरे भाग में’. दिवे लागले तरी कोणी उठेना. लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. तंबूवाल्याला घेराव घातला, तेव्हा तो हात जोडून म्हणाला की दुसऱ्या भागाची रिळं इकडं येणारच नाहीत.

झालं! गावाच्या जिवाला घोर लागला. शिपाई पडला का वाचला? हॉटेलात तेच, पाणवठ्यावर तेच. शेवटी लिंबाजीनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, “त्यांचा दुसरा भाग गेला उडत. आपला आपुन करू!”

असा माझा जन्म झाला. लिंबाजीनं उरलेली ट्यूब उभी चिरली, डोळ्यांना भोकं पाडली, नाकाला उंचवटा दिला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला आस्मानी रंग कोणाच्या तरी कोनाड्यात होता, तो मला दोनदा फासला. मागं बांधायला जुन्या गोधडीची नाडी लावली. वाळल्यावर त्यानं मला आरशापुढं धरलं. खोटं कशाला सांगू, मी स्वतःवरच भाळलो.

हिरो कोण, हा प्रश्नच नव्हता. आश्रुबा पाटलांचा बन्सीधर. आश्रुबा म्हणजे देवस्थान कमिटीचे प्रमुख, पारावर शेवटचा शब्द त्यांचा. पण बन्सीधरला काम मिळालं ते केवळ बापामुळं नव्हे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. त्याचा आवाज असा की तो साहेबाला उलट बोलायचा तेव्हा पंक्चरला आलेली माणसं पंप मारायची थांबत. फक्त एक पंचाईत होती. लिंबाजीनं मोटेचा जुना दोर, म्हणजे नाडा, देवळाजवळच्या लिंबाला बांधला होता. शेजारच्या घराच्या सपाट माळवदावरून तो नाडा धरून झेप घ्यायची आणि लोकांच्या डोक्यांवरून थेट पारावर यायचं, असं उडणं ठरलं होतं. बन्सीधर शिडीनं माळवदावर चढला, खाली बघितलं आणि मटकन बसला. त्याची पाचावर धारण बसली होती. शेवटी बिचारा पोटावर सरपटत शिडीपाशी आला. लहानपणी विहिरीत पोहायला उतरला नाही म्हणून आश्रुबा त्याला चारचौघांत भित्रं म्हणायचे, ते त्याच्या मनात फार खोल गेलं होतं.

तेव्हा लिंबाजीनं रंगनाथला बोलावलं. रंगनाथ भीमनगरात राहायचा, विहिरी खोदायच्या कामावर जायचा. दोरावरून विहिरीत उतरणं-चढणं हा त्याचा रोजचा धंदा. अंगकाठी हुबेहूब बन्सीधरसारखी, आणि शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. त्यानं नाडा धरला, लहानपणापासूनच्या सवयीनं पाय पोटाशी आखडून घेतले आणि सूं करून पारावर उतरला. लिंबाजी टाळ्या वाजवणार होता, पण इकडंतिकडं बघून त्यानं हात खाली घेतले.

मित्रांनो, हात खाली का घेतले, ते तुम्हाला कळायला हवं. ते दिवस नामांतराच्या चळवळीचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून भीमनगरातली माणसं मोर्चाला जात होती, आणि देऊ नये म्हणून गावातली पुष्कळ माणसं दातओठ खात होती. दंगलीच्या साली भीमनगरातली काही घरं जाळली गेली होती. भिंती पुन्हा लिंपल्या होत्या, तरी काळं वर येत होतं. भीमनगरच्या माणसांनी नाटक बघायचं तर रस्त्याच्या पलीकडून. त्यांच्यातल्या कोणी पारावर पाय ठेवलेला आश्रुबांनी चालू दिला नसता.

लिंबाजी रंगनाथला म्हणाला, “तोंडावर मुखवटा हाय, कोनाला कळायलंय? शिनिमात बी हिरो सोता उड्या मारत न्हाई. त्याचा डुप्लिकेट मारतो.”

“आनि त्या डुप्लिकेटचं नाव?” रंगनाथनं विचारलं.

“त्याचं कोन घेतंय बाबा!”

रंगनाथनं मला उचललं आणि डोळ्यांच्या भोकांतून आरपार बघितलं. “मंग माझं घ्यायचं,” तो म्हणाला. “नाटक सपल्यावर पात्रांची नावं भोंग्यावर घेता ना, तवा. ह्या भोंग्यावर गावातल्या समद्यांची नावं आलीत. पाटलाची म्हैस हरवली तवा म्हशीचं बी आलं. माझ्या मायच्या घरातलं एक बी न्हाई. मायला एकडाव ऐकू द्या. दुसरं मला काई नको.”

लिंबाजी चुळबुळ करायला लागला. पण बन्सीधरनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आईची आन, रंगा. मी सोता घेतो. नाटक झाल्यावर कोन काय करनार हाय?”

बन्सीधर तेव्हा खरंच बोलत होता. मी त्याचं तोंड जवळून पाहिलं होतं.

जत्रेच्या दिवशी दिवे लागले आणि नाटक सुरू झालं. पारापुढं माणूस मावत नव्हता. रस्त्याच्या पलीकडं, एका सोडलेल्या बैलगाडीच्या साट्यावर रंगनाथची आई चांगुणाबाई बसली होती. लेकानं तिला सांगितलं होतं, “मी कामाला जायलोय, पर तू नाटक शेवटपतोर बघ. नावं घेतल्याबिगर उठू नको.” ती बिचारी पदर सावरून बसली होती.

बन्सीधरनं काय काम केलं म्हणता! साध्या शिपायाच्या वेषात तो साहेबासमोर रडला, तेव्हा पुढं बसलेल्या बाया डोळे पुसायला लागल्या. भुजंगनं जालीम सेठ केला होता. हसता हसता त्याची एक मिशी सुटली, तर पठ्ठ्यानं दुसरीही उपटून फेकली आणि तसाच हसत राहिला. मग शिपाई पडद्यामागं गेला. पडद्यामागून बन्सीधरनं माइकमध्ये आरोळी ठोकली, “जालीम सेठ, वर बघ!” आणि वर, माळवदाच्या कडेला, मी होतो. माझ्या आत रंगनाथ होता.

त्यानं झेप घेतली. मित्रांनो, आयुष्यभर मी चाकात गोल गोल फिरलो होतो, रस्त्याला घासून फिरलो होतो. त्या क्षणी मी हवेत होतो! खाली वर केलेली तोंडं, उघडे जबडे, पेट्रोमॅक्सचे दिवे, सगळं सर्रकन मागं गेलं. पारावर पाय टेकले तेव्हा गावानं अशी आरोळी दिली की देवळावरची कबुतरं उडाली. लोकांनी ते उडणं पुन्हा करायला लावलं. रंगनाथनं पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी तर त्यानं हवेत गिरकी घेतली.

आमच्याकडं नाटकात बक्षिसं पुकारायची रीत आहे. कोणाला एखादं काम आवडलं की तो चिठ्ठी पाठवतो, नाटक जागच्या जागी थांबतं आणि भोंग्यावर नाव येतं. त्या दिवशी चिठ्ठ्यांचा ढीग पडला. लिंबाजी ओरडत होता, “आस्मानी शिपाई बन्सीधर यास्नी, गावकऱ्यांकडून!” रंगनाथ नुसता मान लववत होता. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली, आणि स्वतः आश्रुबा पारावर चढले.

आश्रुबांनी आपल्या डोक्यावरचा फेटा सोडला. सगळ्या गावादेखत तो माझ्यावरून, रंगनाथच्या डोक्याला बांधला. मग त्यांनी रंगनाथला कडकडून मिठी मारली. ज्या माणसाच्या वाड्यात भीमनगरच्या गड्याला ओंजळीनं पाणी प्यावं लागायचं, त्या माणसानं! आणि त्याच्या कानाशी, म्हणजे माझ्याच कानाशी, तोंड आणून ते बोलले.

“बन्सी, मी तुला लहानपनापून भित्रा म्हनत आलो. चार मानसांत म्हनलो. चुकलो रे बाळा. मला माफ कर.”

तोंडासमोर हे त्यांना कधी म्हणता आलं नसतं. मधे मी होतो म्हणून म्हणता आलं. फेटा बांधताना माझी मागची गाठ सैल झाली होती, मिठीत आणखी सैल झाली होती. मी जरा ढिला पडलो असतो, जरा घसरलो असतो, तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. पुढं काय झालं असतं देव जाणे. पण मी पडलो ट्यूबच्या कुळातला! घामानं त्याच्या गालाला चिकटून घट्ट बसलो. आतलं बाहेर जाऊ दिलं नाही. आणि शरमेची गोष्ट म्हणजे, त्या वेळी मला माझाच अभिमान वाटला.

रस्त्याच्या पलीकडून चांगुणाबाई एकटक बघत होती. तिनं पदर तोंडावर धरला होता.

जालीम सेठ मेला, नाटक संपलं. पडद्यामागं रंगनाथनं आधी फेटा उतरवला, मग मला उतरवलं. दोन्ही बन्सीधरच्या हातात दिलं. त्याचा चेहरा ओला होता, घामानं का कशानं ते मलाही कळलं नाही.

“नाव घे, बन्सी,” तो म्हणाला. “आनि ऐक, तुझा बाप मला म्हनला की...”

एवढ्यात लिंबाजी धावत आला. त्यानं मला ओल्याचा ओला बन्सीधरच्या तोंडावर चढवला, वर फेटा ठेवला आणि त्याला पारावर ढकललं. गाव शिट्ट्या मारत होतं. बन्सीधरनं मला हळूच काढलं आणि त्याचा चेहरा बघून लोक पुन्हा ओरडले. म्हणजे एका चेहऱ्यावर बसून मी खरं झाकलं आणि दुसऱ्या चेहऱ्यावरून उतरून खोटं दाखवलं. दोन्ही पापं एकाच दिवशी माझ्या हातून घडली. मला हात नाहीत, ही सबब मी स्वतःला फार वेळा सांगितली आहे. तिनं काही बरं वाटत नाही.

लिंबाजीनं नावं घेतली. भुजंगचं घेतलं, पेटीवाल्याचं घेतलं, दिवे धरणाऱ्यांचं घेतलं. मग माइक बन्सीधरच्या हातात आला. दुसऱ्या हातात मी होतो, आणि तो मला इतका आवळत होता की माझं नाक चपटं झालं.

“आनि...” बन्सीधर म्हणाला.

समोर आश्रुबा बसले होते. बोडके. गावानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. धोतराच्या सोग्यानं ते डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, माझं लेकरू, माझं लेकरू. बन्सीधरनं बापाकडं बघितलं. मग रस्त्याच्या पलीकडं, साट्यावर बसलेल्या चांगुणाबाईकडं बघितलं. पुन्हा बापाकडं बघितलं.

“आनि... समद्या गावकऱ्यांचे आभार.”

पडद्यामागं रंगनाथनं चपला पायात घातल्या. त्या वाजल्या, तेवढंच मला ऐकू आलं.

त्यानंतर माझ्या मानाचे दिवस सुरू झाले. आश्रुबांनी बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून मला टांगलं, शेजारी तो फेटा. वालूरहून सोयरे आले, परभणीहून पाव्हणे आले, की चहाआधी माझं दर्शन. “ह्यो बगा. ह्योच घालून आमचा बन्सी उडाला,” आश्रुबा सांगायचे. कोपऱ्यात बसलेला बन्सीधर जमीन उकरायचा. त्याची आई नर्मदाबाई दर शनिवारी मला फडक्यानं पुसायची, वर हळदकुंकूही लावायची. देवाला लावतात तसं मला लावायची हो! मला तोंड असून बोलता येत नव्हतं, आणि बन्सीधरला बोलता येत असून तो बोलत नव्हता.

पुढच्या जत्रेला गाव हटून बसलं, भाग तिसरा पाहिजेच. आता काय करणार? बन्सीधरनं पाय लचकल्याचं सोंग केलं. लंगडायला लागला. जत्रा संपली तरी लंगडणं थांबवता येईना, कारण लगेच बरा झाला तर लोक काय म्हणतील? दरवर्षी जत्रा जवळ आली की तो लंगडायचा. एकदा तर उजव्याऐवजी डावा पाय लंगडला, आणि नर्मदाबाईनं डाव्यालाच तेल चोळलं. आश्रुबा हळहळायचे, “दृष्ट लागली रं माझ्या पोराला.” ते ऐकून बन्सीधर जेवणावरून उठून जायचा.

रंगनाथ गाव सोडून परभणीला गेला. तिथं तो ऑटोरिक्षा चालवू लागला. आईला भेटायला यायचा, पण पारावरून कधी गेला नाही. लांबच्या वाटेनं भीमनगरात शिरायचा.

एकदा बन्सीधरला राहवलं नाही. बियाणं आणायच्या निमित्तानं तो परभणीला निघाला आणि मला खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं. स्टँडवर रंगनाथचा ऑटो उभा होता. बन्सीधर गुपचूप मागं बसला. रंगनाथनं आरशात बघितलं आणि ऑटो सुरू केला. स्टेशनपाशी आणून थांबवला.

“रंगा, माझ्याकून राहिलं,” बन्सीधर म्हणाला.

“राहिलं न्हाई. तू ठेवलंस,” रंगनाथ मागं न वळता म्हणाला. “माझं नाव तुझ्याकडं हाय. आनि तुझ्या बापाचं एक बोलनं माझ्याकडं हाय. त्या दिवशी मला मिठी मारून म्हनले, तुला समजून. तू माझं दे, मंग मी तुझं देतो.”

“काय म्हनले आबा?”

“आधी दे.”

“आबा हायेत तवर न्हाई रे जमायचं. त्यांचा जीव जाईल.”

“मंग बस तसाच,” रंगनाथ म्हणाला. “उतर, मला भाडं लागलंय.”

पिशवीत मी होतो. आश्रुबा काय म्हणाले ते मलाही माहीत होतं. मला किती वेळा वाटलं की आपल्याला एकदा, फक्त एकदा बोलता यावं.

मग आश्रुबा गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांची खाट माझ्या खिळ्याखालीच होती, आणि ते माझ्याकडं बघून समाधानानं हसायचे. ते हसू मी कसं सोसलं, माझं मला ठाऊक. ते गेल्यावर मला कोणी बघेना. घराला रंग देताना मला खाली काढलं आणि माळ्यावर, गोवऱ्यांशेजारी टाकून दिलं. तिथं उंदरांनी माझी कड खाल्ली. मी मनात म्हटलं, खा बाबांनो, माझी तीच लायकी आहे.

आणि मग ती संक्रांत आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली होती. भीमनगरातून ढोलताशांचा आवाज येत होता. गावातली माणसं दारं लोटून गप्प बसली होती. बन्सीधर माळ्यावर चढला, मला शोधून काढलं, झटकलं आणि बाहेर पडला. भीमनगरच्या वाटेला लागला तेव्हा ओट्यावरून कोणीतरी हाक मारली, “बन्सीभाऊ, पाय बरा झाला का काय?” आज तो लंगडायचं विसरला होता.

तो नाव द्यायला निघाला होता का बापाचं बोलणं घ्यायला, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं.

रंगनाथ सणाला घरी आला होता. दारात चांगुणाबाई ऊन खात बसली होती. म्हातारी पार वाकली होती. बन्सीधरनं तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या पोराचं माझ्याकडं काहीतरी हाय.”

“आँ?” चांगुणाबाई म्हणाली. “मोठ्यानं बोल लेकरा. मला ऐकू येत न्हाई आता.”

बन्सीधरचं तोंड उतरलं. त्यानं रंगनाथकडं बघितलं. रंगनाथ म्हणाला, “दोन वर्सं झाली. कानाशी वरडावं लागतंय.”

भीमनगरातही त्या दिवशी माइक होता. बन्सीधर तिकडं निघाला, तर रंगनाथनं त्याला थांबवलं. “इथं कामून? इथं समद्यांना माझं नाव ठाव हाय. पारावरच्या भोंग्यावर घ्यायचं ठरलं व्हतं.” बन्सीधर मला छातीशी धरून वळला. तेव्हा रंगनाथनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “ह्याला इथं ठिव. तू उघड्या तोंडानं जा.”

त्यानं मला आईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीनं माझ्यावरून हात फिरवला, भोकांतून बोटं घातली, आणि ओळखलं.

आम्ही वाट बघत राहिलो. बन्सीधर वाटेतूनच घरी गेला असेल, असं मला वाटायला लागलं होतं. मग देवळाचा भोंगा खरखरला. देवळात ववसायला आलेल्या बाया, घरात बसलेली माणसं, सगळ्यांनी ते ऐकलं असणार. बन्सीधरचा तोच आवाज, ज्यासाठी माणसं पंप मारायची थांबत. पण आता तो अडखळत होता.

“गावकऱ्यांनो, ऐका. आस्मानी शिपायाच्या दुसऱ्या भागात मी उडालो न्हाई. मला उंचीचं भ्या वाटतंय. तवा बी वाटत व्हतं. जो उडाला त्याला आबांनी फेटा बांधला, आनि मी त्याचं नाव गिळलं. त्याचं नाव रंगनाथ. चांगुणाबाईचा रंगनाथ. भीमनगरचा, आपल्या गावचा...”

पुढं नुसती खरखर आली आणि भोंगा बंद पडला. कोणीतरी वायर ओढली असावी. पण नाव तोवर निघून गेलं होतं, ते कोणाला परत ओढता येणार नव्हतं.

भीमनगरात ताशा थांबला होता. सगळी माणसं चांगुणाबाईच्या दाराकडं बघत होती. ती गोंधळली. “काय झालं रे? समदे माझ्याकडं कामून बघायलेत? कोन काय म्हनलं?”

रंगनाथ खाली बसला. तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “माय, पारावरच्या भोंग्यावर माझं नाव घेतलं! नाटकात मी उडालतो म्हनून!”

चांगुणाबाईनं मला मांडीवरून उचललं आणि बाजूला ठेवलं. लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “मला तवाच ठाव झालतं रे,” ती म्हणाली. “तू पाय आकडून घेतलेस तवाच. मी वळखनार न्हाई व्हय तुला? मला कळावं म्हनून न्हाई, ऐकावं म्हनून बसून व्हते मी. समदे उठून गेले तरी बसून व्हते.” मग विचारलं, “कसं घेतलं नाव? बरं घेतलं का?”

“लय बरं घेतलं, माय,” रंगनाथ पुन्हा तिच्या कानाशी ओरडला.

बन्सीधर परत आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता. पारावर काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही. उंबऱ्याशी उभा राहिला. रंगनाथनं आपला शब्द पाळला. बापाचं बोलणं, एक अक्षर इकडंतिकडं न करता, त्याला देऊन टाकलं. बन्सीधर तिथंच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. ते ऐकायला आता आबा नव्हते, आणि नाव ऐकायला मायचे कान नव्हते. दोघांनाही आपापलं मिळालं, पण उशिरा मिळालं. त्या उशिरात माझाही वाटा आहे.

मित्रांनो, तेव्हापासून मी चांगुणाबाईच्या घरात खुंटीला असतो. तुमच्यासारखी मुलं येतात, मला तोंडाला लावतात, खाटेवरून उड्या मारतात. खुशाल मारा. मला जपा, उंदरांपासून वाचवा, जमलं तर तुटलेली नाडी जोडा, मी नाही म्हणणार नाही. फक्त एवढं माझं ऐका. खेळ संपला की मला आधी उतरवा, आणि माझ्या आत जो होता त्याचं नाव मोठ्यानं घ्या. उद्या घेऊ म्हणू नका. त्याच्या मायला ऐकू येतंय, तोवर घ्या.